डालड्याचा डबा आणि पाचशे रुपयांची वर्गणी

काका, नमस्कार.

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. वय ४९. माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. लहानपणापासून नाणी साठवायचा नाद आहे. लग्नानंतर तो कपाटाच्या खालच्या खणात गेला, पण सुटला नाही. माहेर निफाड तालुक्यातलं. आजोबांनी जाण्याआधी मला डालड्याचा एक डबा दिला. त्यात चांदीचे सात रुपये, मूठभर भोकाचे पैसे, ढब्बू, सहा शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी) आणि नखाएवढं एक चांदीचं नाणं आहे. त्यावर एका माणसाचा चेहरा आहे आणि त्या चेहऱ्यावरच कोणीतरी तीन कमानींचा डोंगर ठोकल्यासारखा दिसतो. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाआधी मी सगळी नाणी चिंचेनं घासून लख्ख करते.

मागच्या महिन्यात गंगापूर रोडला नाण्यांचं प्रदर्शन होतं. (मी हल्ली मोडी शिकते आहे, वर्गातल्या एका मैत्रिणीनं नेलं.) तिथे नाणेसंग्राहकांच्या संस्थेचा फॉर्म मिळाला. वर्षाची वर्गणी ५०० रुपये, आजीव सभासद ५,०००, महिन्यातून एका रविवारी बैठक. फॉर्म तीन आठवडे फ्रिजवर चिकटवून ठेवला आहे. ह्यांचं म्हणणं, घरात काय आहे ते गावभर कशाला सांगायचं? दीर म्हणतात, वैष्णोदेवीचं पाचाचं नाणं लाखाला जातं, सगळंच विकून टाका. मुलगी म्हणते, आई, सगळं फोनवर मिळतं. आणि मला वाटतं, तिथे चाळीस पुरुष आणि दोनच बायका होत्या, माझा डबा बघून हसतील. सभासद व्हावं का?

तुमची एक वाचक

* * *

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा उत्तर द्यायचं म्हणून आणि एकदा त्या नखाएवढ्या नाण्यासाठी. त्याच्याकडे शेवटी येतो, कारण आधी त्यात शिरलो तर बाकीचं राहूनच जाईल.

पहिलं, चिंच बंद. आजपासून. राख, लिंबू, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, सगळंच बंद. जुन्या चांदीवर जो काळसर थर चढतो तो मळ नसतो, तो त्या नाण्याच्या वयाचा दाखला असतो. तुम्ही घासता तेव्हा थरासोबत थोडी धातूही जाते, अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि जाणकार माणूस हातात घेताच म्हणतो, ‘घासलेलं आहे.’ मग ते पुन्हा न-घासलेलं करता येत नाही. माती असेलच तर साध्या पाण्यात भिजत ठेवा आणि सुती कापडावर टेकवून टिपून घ्या. पुसू नका. लक्ष्मीपूजनाला दोन साधे रुपये वेगळे काढून ठेवा, त्यांना काय हळदकुंकू लावायचं ते लावा. लक्ष्मीला काळं नाणं चालतं, चकचकीत आपल्याला हवं असतं.

डबाही बदला. नाणी एकमेकांवर आपटतात आणि पत्र्याला गंज धरतो. मात्र बाजारात मिळणारे मऊ, वास येणारे प्लास्टिकचे अल्बम घेऊ नका. ते पीव्हीसीचे असतात. दोन-चार पावसाळ्यांत तांब्याच्या नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. कागदी पाकीट परवडलं. डबा जपून ठेवा, तो आजोबांचा आहे.

आता मुद्दा. सभासद व्हावं का? व्हा. पण आजीव होऊ नका आणि पहिले काही महिने डबा घराबाहेर काढू नका. हे असं का, ते सांगायला मला माझी फजिती सांगावी लागेल.

मी बँकेत कॅशियर होतो. छत्तीस वर्षं काउंटरच्या काचेमागे बसलो. लोकांना वाटतं कॅशियरच्या बोटांना नोटांची सवय असते. माझ्या बोटांना नाण्यांची होती. शनिवारी मंदिरांच्या दानपेट्यांचा भरणा यायचा, त्यातून मी माझ्या खिशातले पैसे टाकून हवं ते नाणं बदलून घ्यायचो. वीस पैशांचं ते पिवळं कमळाचं नाणं मी असंच जमवलं. त्यात सोनं आहे अशी आवई उठली होती, ती तुम्हीही ऐकली असेल. सोनंबिनं काही नव्हतं, पण लोकांनी ते चलनातून उचलून देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. तर अशी पंधरा वर्षं एकट्यानं जमवल्यावर मला वाटू लागलं की आपल्याला कळतं.

मग एका गावातल्या प्रदर्शनात एका विक्रेत्यानं मला सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया दाखवला. हा रुपया दुर्मिळ आहे, कारण त्या वर्षीचे बहुतेक रुपये लोकांच्या हातात पोचलेच नाहीत, वितळवले गेले. १९३८ चा मात्र सापडतो. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं, म्हणून तर मी अडकलो. ज्याला काहीच ठाऊक नसतं तो सहसा एवढा महाग फसत नाही. मी दोन महिन्यांच्या पगारातून साठवलेले पैसे मोजले, रुमालात गुंडाळून घरी आणला, आणि बायकोला किंमत अर्धी सांगितली.

वर्षभर तो रुपया मी एकटाच बघत होतो. मग एका सहकाऱ्यानं ओढून इथल्या बैठकीला नेलं. तिथे एक घड्याळजी यायचे, साठीचे गृहस्थ, बोलणं मोजकं. मी ऐटीत रुपया पुढे केला. त्यांनी खिशातून डोळ्याला लावायचं भिंग काढलं, ते भिंग डोळ्यात धरून त्यांचा जन्म गेला होता. नाणं उजेडात तिरपं केलं, कड फिरवून बघितली, आणि शांतपणे म्हणाले, ‘साहेब, हा नऊ इथे जन्मलेला नाही. हा आठ होता.’ आठाच्या खालच्या गोलाचा डावा भाग कोरून काढून नऊ केला होता. भिंगातून बघितल्यावर लहान मुलालाही दिसलं असतं. मी वर्षभर रोज बघत होतो आणि मला दिसलं नव्हतं, कारण मला नऊच बघायचा होता.

संस्था कशासाठी असते ते मला त्या दिवशी कळलं. पुस्तकं, स्वस्तात नाणी, प्रदर्शनात टेबल, हे सगळं ठीक आहे. पण तुमच्या नाण्यावर तुमच्याइतका जीव न जडलेले पाच-सहा डोळे दुसरीकडे मिळत नाहीत. घरच्यांचे चालत नाहीत, ते एकतर कंटाळलेले असतात किंवा तुमच्या बाजूचे असतात. विक्रेत्याचे चालत नाहीत, ते का, हे मी पैसे भरून शिकलोय. आणि त्या घड्याळजींनी माझा रुपया खोटा म्हणून सांगितल्यावर ‘मग मला द्या स्वस्तात’ असं म्हटलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी संस्थेचा एजंट आहे. सहा वर्षांनी मी ती सोडली. कारण नाणी नव्हती. कारण होतं फ्लेक्स. प्रदर्शनाच्या फ्लेक्सवर कोणाचा फोटो मोठा, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं, टेबलाच्या भाड्याचे पैसे कोणाकडे राहिले. दोन तट पडले. बैठकीत नाणं निघायच्या आधी मागच्या बैठकीचं इतिवृत्त निघायचं आणि त्यावर दीड तास जायचा. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. मी चिडून घरी बसलो. चार वर्षं बसलो. त्या काळात एकदा चांदवडचा एक सुरेख रुपया हाती आला आणि तो हातात धरून मी घरभर फिरलो, दाखवायला कोणी नव्हतं. बायको म्हणाली, ‘छान आहे, जेवायला बसा.’ पुढच्या महिन्यात मी गुपचूप मागच्या खुर्चीवर जाऊन बसलो. कोणी काही विचारलं नाही. फ्लेक्सवाले दोघंही तोवर एकत्र चहा पीत होते.

म्हणून म्हणतो, आजीव होऊ नका. पाच हजारांची सवलत दिसायला मोठी दिसते. पण एकदा भरलेत की मन खट्टू झालं तरी ‘पैसे भरलेत’ म्हणून जात राहाल. आधी पाहुणी म्हणून तीन बैठकांना जा. जी संस्था तीनदा फुकट बसू देत नाही तिच्यात शिरूही नका. मग ५०० भरा. वर्षानं परत ठरवा.

त्या तीन बैठकांत काय बघायचं? मी एकच गोष्ट बघतो. कोणीतरी नाणं पुढे करतं तेव्हा समोरचा पहिला प्रश्न काय विचारतो? ‘वजन किती?’, ‘कुठे मिळालं?’, ‘कड बघू’ असं विचारणारे असतील तर त्यांच्याशेजारी बसा. ‘कितीला घेतलं?’ आणि ‘द्यायचंय का?’ एवढंच ऐकू आलं तर तो बाजार आहे. बाजारही वाईट नसतो, फक्त त्याला वर्गणी भरायची गरज नसते. आणि कोणी चूक केली की तिथे हसतात का, हेही बघा. हसू द्या, मलाही हसले होते. हसून झाल्यावर भिंग हातात देतात का?

नोंदणीचं विचारायला लाजू नका. नोंदणी क्रमांक आहे का, धर्मादाय आयुक्तांकडे हिशोब जातो का, वार्षिक सभा होते का. शिक्षिका आहात, हजेरीपत्रक तपासायची सवय असेलच. कोणी म्हणेल, छंदाच्या मंडळाला एवढं कशाला? त्याला पांडवलेणी दाखवा. तिथल्या दहाव्या लेण्यात, इथे तेव्हा राज्य करणाऱ्या क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं भिक्षूंसाठी ३,००० कहापणांची (तेव्हाच्या नाण्यांची) कायमची ठेव ठेवली, आणि ती ठेवली इथल्याच गोवर्धनमधल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे. एका श्रेणीकडे २,०००, महिना शेकडा एक दरानं. दुसरीकडे १,०००, महिना शेकडा पाऊण दरानं. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंच्या कपड्याचा आणि इतर गरजांचा खर्च. हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि फलकावर नोंदवलं, असंही त्याच लेखात कोरलेलं आहे. म्हणजे नाशिकच्या संस्थांनी हिशोब चारचौघांत मांडायचा रिवाज जवळजवळ १,९०० वर्षांचा आहे. तुम्ही फलक मागितलात तर नवीन काही मागत नाही आहात.

(मला त्या लेखातला दोन श्रेणींचा भाग फार आवडतो. सगळे पैसे एका ठिकाणी ठेवले नाहीत. बँकेत असताना हे मी ग्राहकांना किती वेळा सांगितलं असेन.)

तुमच्या यजमानांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्यांचं अर्धं बरोबर आहे. मी तुम्हाला डबा नेऊ नका म्हणालो त्याचं निम्मं कारण तेच. बैठकीत एकावेळी एक किंवा दोन नाणी न्यावीत, तीही साधी. बाकीच्यांचे फोटो. दोन्ही बाजूंचे, शेजारी शाळेतली पट्टी ठेवून. व्हॉट्सॲप ग्रुपवर घरचा पत्ता, डब्याचा फोटो, ‘आम्ही चार दिवस गावाला चाललोय’ यातलं काही टाकायचं नाही. चांदीचं आणि ते छोटं नाणं लॉकरमध्ये. एवढं केलंत की त्यांची काळजी बरीचशी मिटावी. उरलेली अर्धी काळजी नाण्यांची नसून रविवारची असते, असा माझा अनुभव आहे. पहिल्या बैठकीला त्यांनाच घेऊन जा. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात, त्यामुळे आपल्याकडच्या बैठकीत नोटांचा विषय निघतोच. नाण्यात रस नसलेली माणसं नोटांच्या नंबरांत अडकतात. अडकले तर तुमचा प्रश्न सुटला. दुसरा सुरू होईल, पण तो पुढचा.

दिरांना एवढंच सांगा की वैष्णोदेवीची नाणी ही २०१२ ची साधी स्मरणनाणी आहेत, कोणी लाख देत नाही. ‘लाख देतो, आधी नोंदणीचे दोन हजार पाठवा’ असं म्हणणारे मात्र भरपूर आहेत. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपलं नाव वापरून लोकांकडून शुल्क उकळलं जातंय, असा इशारा रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर दिला होता. माझ्या ओळखीतले एक निवृत्त हेडमास्तर त्यात चौदा हजारांना बुडाले, म्हणून हे हसण्यावारी नेऊ नका.

आणि विकायचंच झालं कधी, तर थेट सराफ बाजारात जाऊ नका. सराफ काही फसवत नाही, पण त्याचा काटा चांदी तोलतो, नाणं नाही. राणीछाप रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. तेवढे पैसे तो देईल आणि मुशीत टाकेल. तुमच्या सातांपैकी १९४० पासूनचे असतील त्यांत चांदी निम्मीच, आणि १९४७ चा वाघाचा असेल तर तो निकेलचा, लोहचुंबकाला चिकटेल. बघा गंमत म्हणून. त्याच ओघात पाचव्या जॉर्जचा १९११ चा एखादा आहे का तेही बघा. त्या वर्षी राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला, ओरड झाली, सरकारनं रुपये मागे घेतले आणि १९१२ ला हत्तीची सोंड नीट दिसेल असा ठसा केला. १९११ चा निघाला तर मला कळवा, सराफाला नको.

मुलीचं म्हणणं. फोनवर खरंच पुष्कळ मिळतं. वर्षाखाली हिरा असेल तर मुंबईची टांकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता, हे मी आता नातवाला फोनवरच दाखवतो आणि तो माझ्या पाकिटातली सुटी नाणी लुबाडतो. पण फोटोचं वजन करता येत नाही. ओतीव खोट्या नाण्याची खूण बहुतेक वेळा कडेवर असते, दोन साचे जुळल्याची बारीक रेघ, आणि कडेचा फोटो कोणी टाकत नाही. खऱ्या शिवराईचा खडबडीतपणा आणि ॲसिडमध्ये बुडवून म्हातारी केलेल्या शिवराईचा खडबडीतपणा यातला फरक बोटालाच कळतो, आणि त्यासाठी शंभर खऱ्या शिवराया बोटाखालून जाव्या लागतात. सहा पुरत नाहीत. शंभर एका ठिकाणी कुठे मिळतील? बैठकीतच.

आता चाळीस पुरुष आणि दोन बायका. हे खरं आहे, आणि ‘तसं काही मनावर घेऊ नका’ असं मी म्हणणार नाही. आमच्याकडेही बाई आली की कोणीतरी आधी विचारतो, ‘मिस्टर जमवतात का?’ हा प्रश्न तुम्हाला येईल. माझी एक सूचना आहे. सुरुवातीला नाणी दाखवू नका, मोडी दाखवा.

तुम्ही कंसात, जाता जाता लिहून गेलात की मोडी शिकताय. त्या चाळिसांपैकी किती जणांना मोडी येत असेल? आमच्या बैठकीत दोघांना येते आणि दोघेही सत्तरीच्या पुढचे आहेत. पेशवाईतल्या व्यवहारात नुसतं ‘रुपये शंभर’ लिहून भागत नसे. कुठला रुपया ते सांगावं लागे. चांदवडी, अंकुशी, असे कितीतरी. प्रत्येकाचा बट्टा, म्हणजे बदलून घेताना कापला जाणारा वटाव, वेगळा, आणि सराफांची घरं त्या बट्ट्यावर उभी राहिली. ती भाषा सगळी मोडी कागदांत पडून आहे. आमच्यातल्या अनेकांकडे रुपये आहेत, त्यांच्याबरोबर आलेले जुने खतपत्रांचे तुकडे आहेत, आणि ते वाचायला येत नाहीत म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत पडलेत. तुम्ही असा एक कागद जरी लावून दिलात ना, तर तुमचा डबा साधा की भारी हे कोणी विचारणार नाही. पुढच्या बैठकीला तुमच्यासाठी खुर्ची धरून ठेवतील. चुकलात वाचताना तर चुकलात, ते दोघं सत्तरीचे दुरुस्त करतील आणि त्यांना त्याचा आनंदच होईल.

हे मी तुमचं मन राखायला लिहीत नाही. मला स्वार्थ आहे. माझ्याकडे असे तीन कागद आहेत.

बैठकीआधी एक दिवस काढून त्र्यंबक रोडनं अंजनेरीला जाऊन या. तिथे नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८० साली डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी उभारलेली, आणि तिचं नाण्यांचं संग्रहालय आहे. देशभरातून अभ्यासक तिथे येतात आणि नाशिककर त्याच रस्त्यानं त्र्यंबकला दर्शनाला जातात, गाडी न थांबवता. वेळ आधी विचारून घ्या. मुलीला न्या. नाणं पाडायचं कसं, म्हणजे खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये गरम चकती आणि वरून घण, हे एकदा डोळ्यांपुढे आलं की तुमच्या त्या छोट्या नाण्यावर काय झालंय ते तुम्हाला आपोआप दिसेल.

आलो शेवटी त्याच्यापाशी.

ताई, गोदावरी आणि दारणेच्या संगमाजवळ जोगळटेंभी नावाचं गाव आहे, तुमच्या माहेराहून फार लांब नाही. तिथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी. सगळी नहपानाची. एका बाजूला त्याचा चेहरा आणि भोवती बिघडलेली ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. पण त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर दुसऱ्या राजानं आपला ठसा मारलेला होता. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला ज्याला आपण उज्जैन चिन्ह म्हणतो ते, अधिकाच्या चारी टोकांना गोल. तो सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी. नहपानाला हरवल्यावर त्यानं त्याची नाणी वितळवत बसण्यापेक्षा तीच पुन्हा ठोकून चालवली. पांडवलेण्यातच, तिसऱ्या लेण्यात, त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात मुलानं क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष केल्याचं तिनं कोरवून घेतलंय. दगडावर आईनं जे लिहिलं तेच चांदीवर मुलानं हातोड्यानं लिहिलंय. शत्रूच्या तोंडावर.

तुम्ही लिहिलंय, ‘चेहऱ्यावरच कोणीतरी डोंगर ठोकल्यासारखा.’ तुम्हाला हे माहीत नसताना तुम्ही ‘ठोकल्यासारखा’ हा शब्द वापरलात. म्हणून मी पत्र दोनदा वाचलं.

पण लगेच हुरळू नका. माझा नऊ आठवा. या नाण्यांच्या नकलाही फिरतात, आणि निफाड-सिन्नरकडच्या माणसाला तर त्या मुद्दाम ‘तुमच्याच शेतातलं’ म्हणून खपवल्या जातात. खरं नाणं साधारण दोन ग्रॅमच्या आसपास भरतं, थोडं वरखाली. खाली दबलेला चेहरा आणि वरचा ठसा यांच्या पातळीत फरक दिसायला हवा. नकलेत दोन्ही एकाच वेळी ओतलेले असतात, त्यामुळे सगळं एकसारखं गुळगुळीत दिसतं. डोंगराच्या कमानीखाली नाक किंवा गाल चपटा झालेला दिसतो का, बघा. चिंचेनं घासून घासून किती उरलंय देव जाणे.

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण बैठकीत कोणीतरी तुम्हाला घाबरवेल. आजोबांकडून आलेलं जुनं नाणं घरात ठेवणं हा गुन्हा नाही. आज शेत नांगरताना साठा सापडला तर मात्र तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. १८७८ चा कायदा आहे, आणि त्यातली साठ्याच्या किमतीची मर्यादा अजून दहा रुपयांची आहे. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या एखाद्या भाच्याला भेट म्हणून द्यायचा विचार असेल तर त्याला वैष्णोदेवीचं द्या.

हे नाणं पहिल्या बैठकीला नेऊ नका. दुसऱ्यालाही नको. तिसऱ्या बैठकीपर्यंत तुमच्या लक्षात येईल की त्या खोलीत घड्याळजी कोण आहे. प्रत्येक संस्थेत एखादा असतोच, बहुधा दाराजवळ बसलेला. त्याला आधी फोटो दाखवा. त्यानं ‘कितीला द्याल?’ विचारलं तर तो तो नाही, पुढे शोधा. त्यानं ‘वजन केलंत का?’ विचारलं तर पुढच्या महिन्यात नाणं न्या, आणि यजमानांना बरोबर न्या.

तोवर तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत तराजू असेल. दोन दशांशांपर्यंत दाखवणारा हवा. मधल्या सुट्टीत पाच मिनिटांचं काम आहे. वजन आणि व्यास, दोन्ही मला कळवा, पट्टी ठेवून काढलेल्या फोटोसकट. आणि त्या तीन मोडी कागदांच्या झेरॉक्स मी तुमच्या पत्त्यावर पाठवतो आहे. पहिल्यातल्या चौथ्या ओळीत ‘चांदवडी’ आहे असं मला वाटतं, पण गेली अकरा वर्षं मला तेच वाचायचं आहे, तेव्हा माझ्यावर विसंबू नका.